लंडनला वैचारिक इतिहास शिकायला निघाली आहेस, तर कोर्स कोणते घेशील?

प्रश्न: सर, मी कराडची. पुण्यात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं. येत्या सप्टेंबरमध्ये लंडनला वैचारिक इतिहासाच्या एक वर्षाच्या एम.ए.साठी जाते आहे. एकूण १८० क्रेडिट आहेत. त्यातले ६० प्रबंधाचे, ३० अभ्यासपद्धतीच्या बंधनकारक कोर्सचे आणि उरलेल्या ९० साठी तीन ऐच्छिक कोर्स निवडायचे आहेत. यादी अशी आहे: मॅकियाव्हेली आणि त्याचा काळ, हॉब्ज आणि लॉक, स्कॉटिश प्रबोधन, एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश विचार (मिलपासून ग्रीनपर्यंत), हेगेल आणि मार्क्स, साम्राज्य आणि राजकीय विचार, आधुनिक भारतीय राजकीय विचार. शिवाय लॅटिनचा एक बिनक्रेडिटचा वर्ग आहे. प्रबंध आगरकरांवर करायचा मनात आहे, पण कधी कधी रानडे घ्यावेत असं वाटतं. सीनियर सांगतात, भारताशी संबंधित कोर्स घे, कमी वाचून जास्त मार्क मिळतील. बाबा म्हणतात, पुढे नोकरीला उपयोगी पडेल ते घे. मला स्वतःला तत्त्वज्ञानाची भीती वाटते. निवड ३१ जुलैपर्यंत कळवायची आहे. आणखी एक, प्रबंधात मराठी उतारे दिले तर चालतात का? – एक वाचक, कराड

उत्तर:

आधी निवड सांगतो, मग कारणं. एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश विचार घे, स्कॉटिश प्रबोधन घे आणि तिसरा साम्राज्य आणि राजकीय विचार. आधुनिक भारतीय राजकीय विचाराचा कोर्स क्रेडिटसाठी घेऊ नकोस, पण त्या शिक्षकांची परवानगी काढून वर्गात मात्र जाऊन बस.

माझा हिशेब साधा आहे. एक वर्षाची पदवी म्हटली तरी प्रत्यक्ष शिकवणं दोन सत्रांत मिळून जेमतेम वीस-बावीस आठवडे चालतं. उन्हाळा प्रबंधात जातो. या थोड्या आठवड्यांत असं काही वाचायला घे, जे तुला एकटीने, घरी बसून, कुणाच्या मदतीशिवाय नीट वाचता येणार नाही. आगरकर तुला एकटीला वाचता येतात. त्यांची वाक्यरचना, त्यांचा राग, ते कुणाला टोमणा मारताहेत हे तुला जितकं कळेल तितकं तुझ्या वर्गातल्या इतर कुणाला कळण्याचा संभव नाही, बहुधा शिकवणाऱ्यांनाही नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम किंवा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या बाबतीत मात्र उलट स्थिती आहे. त्यांची वाक्यं सरळ वाटतात, पण ते कुणाशी भांडताहेत हे आपल्याला दिसत नाही, आणि ते दाखवायला जाणता शिक्षक लागतो.

आता आगरकरांकडेच पाहू. त्यांचं जन्मगाव टेंभू तुमच्या कराडपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्यांचं चरित्र तुला सांगायला नको. १८८८ मध्ये त्यांचं ‘सुधारक’ पत्र निघालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय ठरवणाऱ्या संमतिवयाच्या बिलावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. १८९१ मध्ये कायदा झाला आणि संमतीचं वय दहावरून बारा झालं. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, टिळक सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात. इथवर शाळेतही शिकवतात. पण आगरकरांनी इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर मन लावून वाचला होता, आणि तो स्पेन्सर १८८४ मध्ये व्यक्ती आणि राज्यसंस्था यांना एकमेकांसमोर उभं करून राज्यसंस्थेने लोकांच्या जगण्यात ढवळाढवळ करू नये असं बजावत होता. स्पेन्सरचा चाहता सरकारी कायद्याची वकिली कशी करतो? त्याने स्पेन्सर अर्धाच घेतला की मिलच्या मदतीने दुरुस्त केला? की समाजाची सक्ती हीच सरकारी सक्तीपेक्षा मोठी, असं त्याला इथल्या अनुभवावरून वाटलं? माझ्या मते यातल्या शेवटच्या प्रश्नात एक अख्खा प्रबंध आहे. पण तो लिहायचा तर मिल समाजाच्या जुलमाबद्दल नेमकं काय म्हणतो, स्पेन्सरचे इंग्लंडमधले विरोधक कोण होते, ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ ग्रीन याने त्याच दशकात राज्यसंस्थेची बाजू कोणत्या आधारावर घेतली, हे सगळं माहीत असायला हवं. ‘मिलपासून ग्रीनपर्यंत’ या कोर्समध्ये हेच असणार. आणि गंमत अशी की दुसऱ्या बाजूच्या टिळकांसाठीही हाच कोर्स लागतो. १९१५ च्या ‘गीतारहस्या’त मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन ही मंडळी पानोपानी भेटतात. भांडणारे दोघेही एकाच कपाटातली पुस्तकं वाचत होते.

मिल वाचताना एक गोष्ट विसरू नकोस. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. नोकरी संपल्यावर पुढच्याच वर्षी त्याचा स्वातंत्र्यावरचा प्रसिद्ध ग्रंथ आला, आणि त्याच्या सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलं की हे तत्त्व मागासलेल्या अवस्थेतल्या समाजांना लागू नाही. आगरकरांच्या पिढीने हे वाक्य वाचलं नसेल असं म्हणता येत नाही. मग आपल्याला वगळणाऱ्या पुस्तकातूनच त्यांनी स्वतःसाठी शस्त्रं कशी काढली? साम्राज्याचा कोर्स मी सुचवतो तो याच प्रश्नासाठी. त्यात भारतावर किती आठवडे आहेत हे महत्त्वाचं नाही. आयर्लंड, अमेरिका, वेस्ट इंडिजवर वाचायला लागलं तर उत्तमच, कारण स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांनी कुणाकुणाला आणि कोणत्या युक्तिवादाने बाहेर ठेवलं हे तुलनेशिवाय कळत नाही.

स्कॉटिश प्रबोधनाबद्दल तू विचारशील, एडिंबरो-ग्लासगोच्या अठराव्या शतकाचा माझ्या विषयाशी काय संबंध? फार जवळचा आहे, आणि तुझ्यासाठी तर जिल्ह्याचा आहे. साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटिश. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये आला. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटिश, माल्कम स्कॉटिश. १८१७ मध्ये भारताचा इतिहास लिहून दोन पिढ्यांच्या इंग्रज अधिकाऱ्यांची मतं घडवणारा जेम्स मिल, म्हणजे आपल्या मिलचा बाप, एडिंबरोला तत्त्वज्ञ ड्यूगल्ड स्टुअर्टची व्याख्यानं ऐकून तयार झालेला. शिकार, पशुपालन, शेती, व्यापार अशा पायऱ्यांनी समाज पुढे सरकतात, ही अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथच्या पिढीची कल्पना ही माणसं सोबत घेऊन आली. कोणता समाज कोणत्या पायरीवर, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनी स्वतःकडे घेतला.

आणि इथे रानडे येतात. ग्रँट डफने मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीतल्या वणव्याची उपमा दिली. रानड्यांनी १९०० च्या आपल्या पुस्तकात ती नाकारली आणि त्या उदयामागे संतांची दीर्घ चळवळ उभी केली, तिची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली. त्याआधी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या अर्थशास्त्रावरच्या व्याख्यानात त्यांनी स्मिथ-रिकार्डोच्या परंपरेतले नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू होत नाहीत असा युक्तिवाद केला आणि जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्टचा आधार घेतला. लिस्टचा मूळ ग्रंथ १८४१ चा, ब्रिटनमध्ये झालेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १८८५ चं, त्याआधी १८५६ मध्ये अमेरिकेतही एक झालं होतं. रानड्यांनी यातलं कोणतं हाताळलं? प्रत्यक्ष लिस्ट किती वाचला आणि इतरांच्या लेखनातून किती घेतला? हे क्षुल्लक तपशील वाटतील, पण या विषयात खरं काम असल्याच प्रश्नांवर चालतं. स्मिथ मुळातून न वाचता रानड्यांची त्याच्याबद्दलची तक्रार रास्त होती की त्यांनी एक सोयीचा स्मिथ उभा केला, हे तुला सांगता येणार नाही. तसं पाहिलं तर कंपनीच्या कारभारावर स्मिथने १७७६ मध्येच कडक टीका केली होती.

म्हणजे आगरकर की रानडे हे आज ठरवायची गरज नाही. मी सांगितलेले तिन्ही कोर्स दोघांनाही चालतात. प्रबंधाचा विषय साधारण हिवाळ्यात पक्का करायचा असतो. तोवर दोघांनाही सोबत ठेव.

बंधनकारक पद्धतीच्या कोर्सकडे बरीच मुलं उरकून टाकायचं काम म्हणून पाहतात. मला हे फार खटकतं, कारण पदवीचं मर्म तिथेच आहे. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचं उदाहरण तिथे तुला भेटेलच. त्याचा राज्यसंस्थेवरचा ग्रंथ १६८९ मध्ये बाहेर आला, म्हणून तो इंग्लंडच्या राजाला हटवणाऱ्या १६८८ च्या क्रांतीच्या समर्थनासाठी लिहिला असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. १९६० मध्ये इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी दाखवून दिलं की त्याचा बराचसा भाग क्रांतीच्या कितीतरी वर्षं आधी, राजाविरुद्धचा कट अजून शिजत असताना लिहिलेला होता. झालेल्या क्रांतीची सफाई देणारं पुस्तक आणि अजून न झालेल्या बंडाची हाक देणारं पुस्तक, शब्द तेच असले तरी कृती वेगळी. पुढे १९६९ मध्ये क्वेंटिन स्किनर यांनी हा मुद्दा तत्त्व म्हणून मांडला: लेखक काय म्हणतो एवढंच विचारू नका, ते म्हणून तो काय करतो आहे हे विचारा. स्किनरवर आक्षेपही खूप आहेत, जर्मनीत कोसेलेक यांनी संकल्पनांच्या इतिहासाची वेगळी वाट काढली, तेही वाच.

मात्र या कोर्सचा निबंध लिहिताना युरोपातलंच उदाहरण घ्यायला हवं असं नाही. शिक्षकांना विचारून मराठी ग्रंथ घे. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. मजकूर मराठी, संवादाच्या रूपात, पण प्रस्तावना इंग्रजीतही आहे आणि अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यातल्या मराठी वाचकासमोर ही अर्पणपत्रिका ठेवून जोतीराव नेमकं काय करत होते? कुणाला साक्षीला बोलावत होते, आणि कुणाला वगळत होते? स्किनरची पद्धत इथे कितपत चालते आणि कुठे अडते, यावर चार हजार शब्द तू सहज लिहिशील. तसा निबंध तुझ्या वर्गात बहुधा दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

सीनियरांचा सल्ला मला पटत नाही, आणि तो फक्त तत्त्वासाठी नाही. भारतीय राजकीय विचाराच्या इंग्रजी कोर्समध्ये बहुधा टागोर, गांधी, नेहरू, आंबेडकर, सावरकर यांचं वाचन असतं. बी.ए.ला तू यातलं बरंच केलं आहेस. माहितीच्या विषयात हात आपोआप माहितीच लिहीत जातो आणि युक्तिवाद राहून जातो, आणि तिकडे मार्क युक्तिवादाला असतात. ब्रिटनमध्ये ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ६८ मिळाले म्हणून रडू नकोस, ते उत्तम मार्क आहेत. पण यादी मागवून बघ. तिच्यात रानडे, फुले, ताराबाई शिंदे असतील आणि शिक्षक पश्चिम भारताच्या एकोणिसाव्या शतकाचे जाणकार असतील, तर माझं मत बदलेल. मग साम्राज्याचा कोर्स सोड आणि हा घे. काहीही झालं तरी पहिल्याच आठवड्यात त्या शिक्षकांना जाऊन भेट, कारण प्रबंधाचं मार्गदर्शन त्यांच्याकडेच येण्याचा संभव मोठा आहे.

बाकीच्या कोर्सबद्दल थोडक्यात. मॅकियाव्हेली मला स्वतःला अतिशय प्रिय, पण तुझ्या तीन जागांत तो बसत नाही. हॉब्ज-लॉकचं आवश्यक तेवढं पद्धतीच्या कोर्समध्ये येईल. हेगेल-मार्क्स अर्धवट करण्यात अर्थ नाही, आणि पूर्ण करायचं तर बाकी सगळं बाजूला ठेवावं लागेल. लॅटिन या एका वर्षात नको. त्यापेक्षा जुनं हस्ताक्षर वाचायला शीक. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्याचे मोफत धडे आहेत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने तत्त्वज्ञ बेंथमच्या हस्तलिखितांचं लिप्यंतर लोकांच्या मदतीने करण्याचा प्रकल्प २०१० मध्ये सुरू केला, तोही घरबसल्या बघता येतो. कराडमध्ये बसून जुलैतच सुरुवात कर.

तत्त्वज्ञानाच्या भीतीबद्दल: तुला ह्यूमचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायचं नाहीये. त्याला तो प्रश्न का पडला, त्याच्या आधी तो कसा विचारला जात होता, त्याच्या उत्तराने कोण चिडलं, हे तुझे प्रश्न. त्याचा मोठा ग्रंथ आधी हातात घेऊ नकोस, छोटे निबंध घे. व्यापारावर, चैनीवर, पक्षांवर त्याने जे लिहिलं आहे ते आगरकरांचा अग्रलेख वाचण्याची सवय असलेल्या मुलीला जड जाणार नाही. टीकाग्रंथ नंतर. आधी मूळ, तेही पेन्सिल घेऊन.

निवड कळवण्याआधी तिन्ही कोर्सच्या शिक्षकांना एकेक छोटी ईमेल टाक. यंदाची वाचनयादी माग. आठवड्याला साधारण किती पानं, मूल्यमापन एकाच दीर्घ निबंधावर की दोन छोट्या निबंधांवर, आणि हा कोर्स यंदा नक्की चालणार का, हे विचार. तिकडे शिक्षक संशोधनाच्या रजेवर जातात आणि माहितीपत्रकात असलेला कोर्स त्या वर्षी नसतो, हे नेहमी घडतं. कोणता कोर्स कोणत्या सत्रात हेही बघ. पद्धतीचा कोर्स बहुधा पहिल्या सत्रात असतो, त्याच्याबरोबर एकच ऐच्छिक ठेवता आला तर बरं. नव्या देशात, नव्या घरात, पहिली थंडी काढत तिन्ही एकदम वाचणं अवघड जातं. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स बदलता येतो, म्हणून ३१ जुलैचा फार ताण घेऊ नकोस.

लंडनची खरी श्रीमंती वर्गाबाहेर आहे. ब्रिटिश लायब्ररीत भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याचे, इंडिया ऑफिसचे, कागद आहेत, आणि मराठी छापील पुस्तकांचा मोठा संग्रह. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ मध्येच छापली गेली, तिच्यापासून सुरुवात कर. तिथेच मुंबई सरकारचे देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल सापडतील. सरकारी भाषांतरकार मराठी पत्रांतला निवडक मजकूर इंग्रजीत करून वर पाठवत. ‘सुधारक’मधलं काय वर गेलं आणि काय गाळलं, ही तुलना करायला दोन्ही भाषा येणारं माणूस लागतं, आणि ते तू आहेस. ऑक्टोबर २०२३ च्या सायबरहल्ल्यानंतर त्या ग्रंथालयाच्या सेवा बराच काळ विस्कळीत होत्या, म्हणून हवी ती वस्तू मागवता येते का हे आधी तपास. इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमधली राजकीय विचारांच्या इतिहासावरची चर्चासत्रं चुकवू नकोस. पहिल्या दिवशी काही कळलं नाही तरी जात राहा.

निघण्याआधी ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात काही दिवस घालव. मिळतील ते मूळ अंक बघ, परवानगीने छायाचित्रं घे, आगरकरांच्या समग्र वाङ्मयाचे खंड बॅगेत टाक. कपडे तिकडेही मिळतात.

बाबांची काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. ही पदवी थेट नोकरी देत नाही. पण जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, त्यात एक वर्षाची मास्टर्सही येते. परतल्यावर प्राध्यापकी करायची तर समकक्षतेचं प्रमाणपत्र, नेट किंवा सेट, आणि तुझा विषय आता इतिहास धरला जाईल की राज्यशास्त्र, याची चौकशी आजच कर. नेट-सेटसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, तिकडे ५० ला पास होता येतं, हा फरक लक्षात ठेव. हेही बाबांना सांग की ऐच्छिक कोर्समध्ये मिलऐवजी मार्क्स घेतला म्हणून कुणी नोकरी देत नाही किंवा नाकारत नाही. चांगला प्रबंध, दोन शिक्षकांची मनापासून दिलेली शिफारस आणि मराठी-इंग्रजी दोन्हीत दस्तऐवज वाचण्याची तयारी, याला विद्यापीठांत, अभिलेखागारांत, प्रकाशनांत किंमत आहे.

तुझा शेवटचा प्रश्न. मराठी उतारे चालतात, चालायलाच हवेत. मजकुरात तुझं इंग्रजी भाषांतर आणि तळटीपेत मूळ मराठी, अशी सर्वसाधारण रीत आहे. भाषांतर तुझं स्वतःचं असल्याचं सुरुवातीलाच एकदा नोंदव. मात्र तळटीपा शब्दमर्यादेत धरतात की नाही हे प्रत्येक विभागाचं वेगळं असतं. धरत असतील तर लांब उतारे परिशिष्टात टाकायची परवानगी माग, आणि ती लेखी घे.